'धुरंधर' बघितला : हेर लपलेला असतो तोवर पिक्चर जबरदस्त

तापीकाठ (चोपडा)
१३ डिसेंबर २०२५

'धुरंधर' बघून आलो. आठवडाभर व्हॉट्सॲपवर दोनच प्रकारची मतं येतायत. एक तर "असा पिक्चर आजवर झालाच नाही", नाहीतर "नुसता प्रचार आहे, जाऊ नका". मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. शेवट फोडणार नाही, पण मधले काही प्रसंग येतील. ज्यांना कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी धागा नंतर वाचावा.

मत आधीच सांगून टाकतो. या पिक्चरमधला हेर जोवर लपलेला आहे तोवर पिक्चर जबरदस्त आहे. तो उघड मारामारीला उतरला की बाकीच्या ॲक्शनपटांत आणि यात फारसा फरक उरत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक आदित्य धर, २०१९चा 'उरी' त्याचाच. पिक्चर ५ डिसेंबरला लागला, लांबी ३ तास ३४ मिनिटं, प्रमाणपत्र 'ए'. सुरुवात १९९९च्या कंदाहार विमान अपहरणापासून होते, मग २००१चा संसदेवरचा हल्ला. त्यानंतर गुप्तचर खात्याचा अधिकारी अजय सन्याल (आर. माधवन) ठरवतो की आता आपला माणूस थेट त्यांच्या घरात बसवायचा. हा माणूस म्हणजे हमझा (रणवीर सिंग). अफगाणिस्तानमार्गे कराचीत शिरतो आणि तिथल्या ल्यारी या वस्तीतल्या टोळ्यांपर्यंत पोचतो. टोळीचा म्होरक्या रहमान डकैत अक्षय खन्ना, पोलीस अधिकारी चौधरी अस्लम संजय दत्त, आयएसआयचा मेजर इक्बाल अर्जुन रामपाल.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर घाई नाही. हमझा कराचीत उतरतो आणि सरबताच्या दुकानावर कामाला लागतो. दुकानदार आलम आपलाच माणूस आहे, गौरव गेराने केलाय. टीव्हीवर विनोदी कामं करणारा हा नट इथे मुळीच ओळखू येत नाही. या आलमने किती वर्षं तिथे काढली असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. रोज गिऱ्हाईक, रोज दुआ-सलाम, आणि एकही शब्द चुकायची सोय नाही. पिक्चरने त्याच्यावर आणखी वेळ द्यायला हवा होता.

मग २६/११चा प्रसंग. ज्या लोकांनी ते घडवलं, त्यांच्यातच हमझा त्या रात्री उभा आहे. समोर मुंबई जळतेय, आजूबाजूचे जल्लोष करतायत आणि याला त्यांच्यातलाच एक दिसायचंय. रणवीर सिंग हा मुळात अंगभर अभिनय करणारा नट. इथे त्याला काहीच करायचं नाही, आणि ते त्याने केलंय. नंतर पडदा लाल होतो आणि त्या रात्रीची हल्लेखोर आणि त्यांच्या म्होरक्यांमधली खरी संभाषणं ऐकू येतात. तोवर शिट्ट्या मारणारं थिएटर एकदम गप्प झालं. माझ्या शेजारी कॉलेजची पोरं होती, २००८ला ती फार तर रांगत असतील. त्यांच्यापैकी एकाने मोबाइल खिशात घातला तो शेवटपर्यंत काढला नाही.

हेराचं खरं काम हेच असावं असं मला वाटतं. गोळी झाडणं कोणालाही शिकवता येतं. राग गिळून हसायला लागणं, हे वेगळंच. यशराजच्या हेरपटांत (२०१२च्या 'एक था टायगर'पासून यंदाच्या ऑगस्टमधल्या 'वॉर २'पर्यंत) मला नेमकी हीच गोष्ट कमी वाटते. तिथला हेर गॉगल लावून देशोदेशी फिरतो, सगळ्या जगाला तो कोण आहे हे ठाऊक असतं. मग पकडला जाईल अशी भीती वाटायची कशी? ते पिक्चरही मी आवडीने बघतो, पण ते बघताना तळहाताला घाम येत नाही. इथे आला.

आता खटकलेलं. उत्तरार्धात टोळ्यांचं भांडण, त्यावर पोलीस, त्यावर राजकारण असं एकावर एक चढत जातं आणि हमझा दिल्लीला नेमकी काय बातमी पाठवतोय हे मागे पडतं. हाल करण्याची दृश्यं गरजेपेक्षा खूप लांबवलीत. पार्श्वसंगीत श्वास घेऊ देत नाही. तरीही साडेतीन तास मी जागचा हललो नाही, हेही खरं.

तुमची मतं सांगा.

---

भुसावळ जंक्शन

लिहिलंय छान, पण उत्तरार्धाबद्दल असहमत. भाऊ, टोळीयुद्ध हेच तर त्याचं काम आहे. त्याला ल्यारीत पाठवलंय ते कशासाठी? रहमानच्या मुलाचा जीव वाचवून तो आत शिरतो, मग एकाला दुसऱ्याविरुद्ध वापरत वर सरकतो. तो कागद चोरायला गेलेला नाही. टोळ्या, पुढारी आणि आयएसआय यांची हत्यारं-पैशांची साखळी तोडायला गेलाय. मारामारी ही त्या कामाचीच बाजू आहे.

संगीताचंही तसंच. १९६०च्या 'बरसात की रात'मधली रोशनची कव्वाली आजच्या पोरांना नाचवते, हे मला तरी आवडलं. माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेत. ती चाल ऐकून सरळ बसले आणि घरी येईपर्यंत मूळची गुणगुणत होते.

---

कानबाईचा लेक

भाऊ, पिच्चर एक नंबर शे. अक्षय खन्ना गाडीमाईन उतरना तव्हय आख्खं थेटर उभं ऱ्हायनं. शिट्ट्यासना आवाजमा माले डायलॉग ऐकू उना नही, पन मजा उनी. तुम्ही म्हनतस ते दडी ऱ्हावानं माले बी आवडनं. पन मारामारी बिगर पैसा वसूल व्हस का?

---

पांझराकाठ (धुळे)

अक्षय खन्नाबद्दल काय बोलावं! फेब्रुवारीत 'छावा'त औरंगजेब, डिसेंबरात रहमान डकैत. दोन्हीकडे आवाज चढवत नाही. डोळे अर्धवट मिटून समोरच्याकडे बघतो आणि तेवढ्यावर आपल्याला धडकी भरते. अरबी गाण्यावरचा तो नाच मोबाइलवर सगळ्यांनी आधीच बघितलाय, पण पिक्चरमध्ये त्याच्या आधी आणि नंतर काय आहे ते कळलं की वेगळाच वाटतो.

मला मात्र एक गोष्ट इथे स्पष्ट लिहावीशी वाटते, कारण आमच्याकडे पिक्चर सुटल्यावर चहाच्या टपरीवर सगळे तो इतिहास म्हणून सांगत होते. रहमान डकैत आणि चौधरी अस्लम ही खरी माणसं होती. रहमान ऑगस्ट २००९मध्ये कराची पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. अस्लम ९ जानेवारी २०१४ला बॉम्बस्फोटात गेला, तो तालिबानने घडवला होता. पिक्चरने ही नावं घेतली आणि मध्ये आपला हमझा बसवला. सिनेमा म्हणून ते चालतं. पण "हे सगळं आपल्या माणसाने केलं" असं पोरांना सांगू नका.

आणि ल्यारी म्हणजे नुसता गुंडांचा अड्डा नाही. ती कराचीतली जुनी बलुच कष्टकऱ्यांची वस्ती, फुटबॉल आणि बॉक्सिंगसाठी प्रसिद्ध. तिथली पोरं वर्ल्ड कपच्या वेळी गल्लीगल्लीत ब्राझीलचे झेंडे लावतात. पिक्चरमधली ल्यारी थायलंडमध्ये सेट लावून उभी केलेली आहे. सेट सुंदर आहे, गल्ल्या, तारा, भिंतींवरचे रंग, सगळं. पण त्या गल्लीत साधं घर चालवणारा माणूस मला साडेतीन तासांत क्वचित दिसला.

---

रानजाई (अमळनेर)

तापीकाठ, तुम्ही लपण्याबद्दल एवढं लिहिलंत, पण यालीनाबद्दल एक ओळ नाही. मला पिक्चरमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली.

पुढारी जमील जमालीची (राकेश बेदी, काय काम केलंय!) ती मुलगी. हमझाला तिच्या बापाच्या वर्तुळात शिरायचंय. तो तिच्यावर प्रेम दाखवतो, लग्न करतो. तिला ठाऊकच नाही की नवऱ्याचं नाव, गाव, धर्म, काहीच खरं नाही. हेरगिरीतला सगळ्यात कठोर भाग हा असतो. शत्रूला फसवणं समजू शकतं. पण जी तुमच्यावर विश्वास टाकून घर सोडते तिला रोज फसवायचं, तिच्या ताटात जेवायचं आणि तिच्याच घरच्यांची माहिती पुरवायची? इथे खरा पेच होता. दिग्दर्शकाने त्यावर गाणं टाकून पुढे नेलं.

वयाचाही मुद्दा आहेच. रणवीर चाळिशीचा, यालीना झालेली सारा अर्जुन विशीतली. काही लोक म्हणतात की त्या भूमिकेत तेच अपेक्षित आहे, भोळी मुलगी जाळ्यात ओढायची म्हणून. मग तेवढं धाडस करून त्या मुलीच्या बाजूनेही दोन प्रसंग दाखवा ना. आमच्या ग्रुपमधल्या बायका पिक्चर सुटल्यावर अक्षय खन्नावर नाही, तिच्यावरच बोलत होत्या. "हिला कळेल तेव्हा काय होईल?" हा एकच प्रश्न.

---

तापीकाठ

रानजाई ताई, तुमचा मुद्दा माझ्या म्हणण्याला आणखी बळ देतो. घरात बायकोसमोर लपणं हे टोळीत लपण्यापेक्षा अवघड. आणि तोच भाग त्यांनी घाईत उरकला. उरलेला वेळ गोळीबाराला दिला.

भुसावळ जंक्शन, टोळ्या आपसात लढवणं हे काम आहे, मान्य. पण ते लढवताना हमझा काय विचार करतोय, कोणता डाव खेळतोय, हे पूर्वार्धात आपल्याला त्याच्या शेजारी बसून कळत होतं. उत्तरार्धात आपण प्रेक्षकांत जाऊन बसतो. डाव झाल्यावर कळतो.

पांझराकाठ, टपरीवरच्या चर्चेबद्दल शंभर टक्के सहमत. याच कारणाने एका कुटुंबाला कोर्टात जावं लागलं. मेजर मोहित शर्मा यांच्या आईवडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती, की ही आमच्या मुलाची गोष्ट असावी असं वाटतंय, आम्हाला विचारलेलं नाही. सेन्सॉर बोर्डाने संबंध नसल्याचं सांगितलं. पण त्या निमित्ताने मोहित शर्मांबद्दल पोरांनी वाचावं. पॅरा स्पेशल फोर्सेसचा हा अधिकारी खोट्या नावाने केस-दाढी वाढवून काश्मीरमध्ये हिजबुल या दहशतवादी संघटनेच्या लोकांत जाऊन राहिला. पुढे मार्च २००९मध्ये कुपवाड्यात लढताना गेला, मरणोत्तर अशोकचक्र. त्यांच्यात बसून चहा पिताना या माणसाच्या मनात काय चालत असेल, ते मला पडद्यावर बघायचंय.

दुसरं नाव रवींद्र कौशिकचं. श्रीगंगानगरचा, नाटकात काम करणारा मुलगा. वर्तमानपत्रांत आलेल्या हकिकतीप्रमाणे पाकिस्तानात जाऊन शिकला, तिकडच्या सैन्यात शिरला, तिकडेच लग्न केलं. १९८३मध्ये पकडला गेला तो त्याच्या स्वतःच्या चुकीने नव्हे. भेटायला पाठवलेला आपलाच दुसरा माणूस पकडला गेला आणि त्याच्याकडून नाव फुटलं. २००१मध्ये तिथल्याच तुरुंगात वारला. म्हणून मला त्या सरबतवाल्या आलमच्या प्रत्येक दृश्यात भीती वाटत होती. हमझाचा जीव त्याच्या तोंडात आहे.

---

सातपुडा पायथा (शहादा)

मी वेगळीच गोष्ट मांडतो. प्रमाणपत्र 'ए' आहे, हे कृपया गांभीर्याने घ्या. आम्ही गेलो त्या थिएटरला दारावर कोणी विचारलं नाही. आत पाच-सहा वर्षांची लेकरं होती. पडद्यावर एकाचे हाल चालू होते आणि मागच्या रांगेत एक पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होती. बाप म्हणाला, "थांब, आता फायटिंग येईल." दुसऱ्या गावी तर चार जणांच्या कुटुंबाला तिकीट काढल्यावर दारातून परत पाठवलं, तेही आमच्या नात्यातलेच. दोन्हीकडे नुकसान कुटुंबाचं. तिकीट देतानाच सांगायला काय जातं?

सध्या सारंगखेड्याची यात्रा चालू आहे. पूर्वी यात्रेत तंबूत सिनेमा लागायचा, वाळूत बसून सगळं घर बघायचं. तसं आता सगळ्या घराने मिळून बघण्यासारखे हे मोठे पिक्चर राहिले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. हिंसा कमी करून हीच गोष्ट सांगता आली असती. तापीकाठ म्हणतात तो २६/११चा प्रसंगच बघा, त्यात हमझा कोणाला हातही लावत नाही.

---

भुसावळ जंक्शन

सातपुडा, लेकरांबद्दल पूर्ण सहमत. पण टोळ्यांची दुनिया मवाळ करून दाखवली असती तर हमझाचा धोका खरा वाटला असता का? पकडला गेला तर काय होईल हे आधी दाखवलंय म्हणूनच पुढे प्रत्येक ठिकाणी जीव मुठीत धरून बसतो आपण. 'ए' प्रमाणपत्र त्यासाठीच घेतलं त्यांनी, लपवलं नाही.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

चर्चा वाचून राहवलं नाही. लपून काम करणाऱ्यांची एवढी गोडी असेल तर आपल्या मातीतली गोष्ट आठवा. चिमठाणे!

१४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीने चालला होता, बरोबर बंदूकधारी पोलीस. शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी तो अडवला आणि लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास, त्या काळातली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे (इंग्रजांविरुद्ध उभं केलेलं समांतर सरकार) जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी मंडळी त्यात होती, आणि आपल्याकडचे डॉ. उत्तमराव पाटील. त्यांच्या पत्नी लीलाताईही चळवळीत भूमिगत राहिलेल्या.

आता हेरपटाच्या नजरेने बघा. कुंडल-वाळव्याकडची माणसं खान्देशात आलेली. तोंड उघडलं की बाहेरचे आहेत हे कळणार, कारण इथे सगळा अहिराणीचा कारभार. ओळखीचा कोणी नाही, रस्ता माहीत नाही. मोटार कधी निघते, बरोबर किती पोलीस, कुठे चढ लागतो, हे सांगणारा कोणीतरी इथलाच असणार. राहायला जागा देणारी, भाकरी देणारी घरं असणार. त्यांच्यापैकी कोणी एकाने फौजदाराच्या कानाशी लागायचं ठरवलं असतं तर सगळे गेले असते. आणि लूट झाल्यावर एवढा पैसा घेऊन शेकडो मैल परत जायचं, नाकेबंदीतून. माझ्या मते खरा पिक्चर तिथून सुरू होतो.

चिमठाण्याला स्मारक आहे. धुळ्याहून दोंडाईचाकडे जाणारे तिथून रोज जातात, किती जण थांबतात? आदित्य धरसारखी तयारी आणि तेवढा पैसा कोणी मराठी दिग्दर्शकाला दिला तर ही गोष्ट साडेतीन तासही पुरणार नाही.

---

पांझराकाठ

गिरणाकाठ, व्वा! लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, पण अशा नजरेने कधी बघितलं नव्हतं. भाकरी देणाऱ्या घरांचं तर अगदी खरं. पुस्तकात लुटणाऱ्यांची नावं राहतात, लपवणाऱ्यांची राहत नाहीत.

---

कानबाईचा लेक

चिमठाणाना पिच्चर काढा तं अहिराणीमाच काढा भो. आम्ही समदा येऊत.

---

रानजाई

आणि त्यात लीलाताईंना गाणं देऊन पुढे नेऊ नका, एवढीच विनंती. त्यांची स्वतःची गोष्ट मोठी आहे.

तापीकाठ, बहिर्जी नाईकांचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? सुरतेच्या संदर्भात सभासदाच्या बखरीत त्यांचा उल्लेख येतो. महाराज सुरतेवर गेले ते आधी शहराची खडान्‌खडा माहिती हातात असल्यामुळे. इथून नंदुरबारमार्गे सुरत काही लांब नाही. तिथल्या पेठांत वेष पालटून फिरलेला माणूस, आणि त्याच्याबद्दल आपल्याला धड पानभर माहिती नाही. चांगल्या हेराची खूणच ती असावी.

---

दोन पाकिटं पॉपकॉर्न (जामनेर)

मी अजून बघितलेला नाही, शेवट न फोडल्याबद्दल सगळ्यांचे आभार. एक व्यवहाराचं विचारतो. जळगावला कोणता शो बरा? परत यायला एसटी मिळेल का? आमच्याकडचं थिएटर बंद होऊन मंगल कार्यालय झालंय. आणि दुबईला असलेला चुलतभाऊ रोज विचारतोय कसा आहे म्हणून, तिकडे आखाती देशांत लागलाच नाही म्हणे.

---

तापीकाठ

सकाळचा शो धरा. संध्याकाळी सहाचा धरला तर मध्यंतर, जाहिराती धरून बाहेर पडायला दहा वाजतात, आणि तेव्हा तालुक्याला जाणारी गाडी मिळणं कठीण. मोटारसायकलने जाणार असाल तर स्वेटर, कानटोपी घ्या, परतीची थंडी बेकार आहे. मागच्या रांगा घ्या, पुढे आवाज कानठळ्या बसवतो. पोटात काहीतरी घालून जा. आणि नावं येऊन गेली की लगेच उठू नका, त्यानंतर पुढच्या भागाची झलक आहे.

तो दुसरा भाग १९ मार्चला येतोय, म्हणजे नेमका गुढीपाडवा. रानजाई ताईंचा प्रश्न आता माझाही झालाय. यालीनाला कळतं तेव्हा काय होतं, हे त्यांनी नीट दाखवलं तर उत्तरार्धाच्या सगळ्या तक्रारी मी सोडून देईन. आणि आलमलाही जरा जास्त वेळ मिळावा.

---

रानजाई

पाडव्याला गुढी उतरवायच्या आत कोणाचा पिक्चर बघून होणार, साडेतीन तासांचा? आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊ. तोवर कोणी इथे शेवट लिहू नका.